घरचें चित्रगृह : आवाज कोणासाठीं?

घरांत मोठ्या पडद्याचा टी.व्ही. आला कीं दोनतीन महिन्यांतच पुढचा विषय निघतो तो आवाजाचा. पडदा हातभर वाढला, चित्र आरशासारखें स्वच्छ झालें, पण पात्रांचें बोलणें पूर्वीच्या जाड्या संचावर जेवढें कळत असे तेवढेंहि आतां कळत नाहीं, अशी तक्रार घरोघर ऐकूं येते. आणि ती खोटी नव्हे. संच जसजसा पातळ होत गेला तसतशी त्याच्या पोटांत स्पीकरला जागा उरली नाहीं. हल्लींच्या बहुतेक संचांत चिमुकले स्पीकर खालच्या अंगास किंवा पाठीमागें तोंड करून बसविलेले असतात. म्हणजे पात्र जें बोलतें तें आधीं भिंतीला किंवा टेबलाला ऐकवून मग आपल्याकडे येतें. मग घरांतील तरुण मंडळी 'होम थिएटर'चा ठराव मांडतात, वडील मंडळी किंमत विचारतात, आणि दुकानदार वॅटचे आंकडे मोजूं लागतो. हा ठराव मंजूर होण्यापूर्वीं त्याची थोडी चिकित्सा व्हावी म्हणून या महिन्याचें पान आम्हीं त्यासाठीं राखून ठेविलें आहे.

यंत्राचा विचार करण्यापूर्वीं माणसांचा करावा. या विषयावरील बहुतेक लिखाण एकट्या शोकिनासाठीं असतें: खोलीच्या मध्यभागीं एक आरामखुर्ची, तींत एक तरुण, त्याचे कान शाबूत, आणि त्याला डोक्यावरून विमान गेल्याचा भास हवा आहे. आपल्या घरचा देखावा निराळा. सोफ्यावर आजोबा व आजी, एका बाजूच्या खुर्चीवर काका, दुसऱ्या बाजूस भाजी निवडीत बसलेल्या वहिनी, सतरंजीवर लोळणारीं मुलें, आणि आत्या स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या. आठ माणसें आठ जागीं. त्यांपैकीं बरोबर मध्यावर फार तर एकजण. शिवाय यांतील दोघांचे कान सत्तरीचे आहेत. ज्येष्ठ मंडळी कळत नाहीं अशी तक्रार सहसा करीत नाहींत. मुलांचा विरस नको म्हणून तीं थोडा वेळ बसतात, कोण काय म्हणालें हें एकदोनदां नातवाला विचारतात, तिसऱ्यांदा विचारण्याचा त्यांना संकोच वाटतो, आणि मग 'तुमचें चालूं द्या' म्हणून तीं आंतल्या खोलींत निघून जातात. लाखभर रुपये खर्चून आणलेल्या यंत्रापुढून घरांतील दोन माणसें अशीं उठून जात असतील तर तें यंत्र चुकीचें निवडलें गेलें, मग त्याचा गडगडाट कितीहि हुबेहूब असो. सगळी निवड आम्ही या एका कसोटीवर घांसून पाहतों: कडेच्या खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्या कानाला शब्द पोंचतो कीं नाहीं?

वयोमानानें कान मंदावतो तो सर्व पट्ट्यांत सारखा मंदावत नाहीं. आधीं जाते ती उंच, बारीक आवाज टिपण्याची शक्ति. आपल्या बोलण्यांत अ, आ, ओ या स्वरांचें बळ खालच्या पट्टींत असतें. स, श, च, त या व्यंजनांची ओळख पटविणारा अंश मात्र बहुतांशीं २००० हर्ट्झच्या वरचा, आणि स्वरांच्या मानानें फार दुबळा. म्हणून चार, सार आणि तार हे तीन शब्द आजोबांना जवळजवळ एकसारखे, नुसते 'आर' असे ऐकूं येतात. अशा वेळीं नातू आवाज वाढवितो. त्याबरोबर स्वर वाढतो, पार्श्वसंगीत वाढतें, मोटारींचा घरघराट वाढतो, आणि तें दुबळें व्यंजन त्या गलबल्यांत आणखीच बुडतें. 'ओरडूं नका, नीट बोला' असें आजोबा म्हणतात तें अक्षरशः खरें आहे. (कान फारच मंद झाले असतील तर तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे व श्रवणयंत्र वापरावें, स्पीकर हें त्यावर औषध नव्हे.)

आतां यंत्राकडे वळूं. ज्याला ५.१ म्हणतात त्या मांडणींत सहा स्पीकर असतात: पुढें डावा, उजवा व मधला; बाजूंना किंचित् मागें दोन; आणि सहावा सबवूफर, म्हणजे केवळ खर्जासाठीं असलेली पेटी. या सहाव्यासाठीं राखलेला ध्वनिमार्ग साधारण १२० हर्ट्झच्या खालच्या आवाजापुरताच असतो, म्हणून त्याला पूर्ण एक न मोजतां दशांश चिन्हापुढें बसविलें आहे. चित्रपटांतील संभाषण जवळजवळ सगळें मधल्या स्पीकरमधून येतें. ही योजना नवी नाहीं. १९४० सालीं 'फँटॅशिया' या चित्रपटासाठीं पडद्यामागें डावा, मधला व उजवा असे तीन स्वतंत्र मार्ग योजलेले होते. कारण उघड आहे. बोलणें डाव्या व उजव्या अशा दोनच स्पीकरांतून सारखें सोडलें तर मध्यभागीं बसलेल्याला तें पडद्याच्या मधून आल्याचा भास होतो. पण तो फक्त त्यालाच. एका कडेला सरकलें कीं जवळचा स्पीकर आधीं व मोठा ऐकूं येतो, आणि नायिका पडद्याच्या मध्यावर उभी राहून कोपऱ्यांतील कुंडींतून बोलूं लागते. एकट्या माणसाला दोन स्पीकर पुरतील. आठ माणसांच्या बैठकीला मधला हवाच.

जुन्या चित्रपटांच्या भोक्त्यांसाठीं येथें एक गोष्ट नमूद करतों. १९३२ सालच्या 'अयोध्येचा राजा'पासून पुढें कित्येक दशकें मराठी बोलपट एकाच ध्वनिमार्गावर मुद्रित होत असत. रिसीव्हरवर 'डॉल्बी सराउंड' ही योजना लावून १९३६ सालचा 'संत तुकाराम' पाहिला तर बहुतेक सर्व आवाज एकट्या मधल्या स्पीकरमधून येतो व बाकीचे मुके राहतात. ते बिघडलेले नसतात. आणि दुकानांत ज्याला सर्वांत हलका समजून गठ्ठ्यांत कसाबसा घातलेला असतो तो नेमका हाच स्पीकर!

हा मधला स्पीकर डाव्या-उजव्याच्याच घराण्यांतला, म्हणजे त्याच कंपनीच्या त्याच मालिकेंतला असावा. नाहीं तर पात्र पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत जातांना वाटेंत त्याचा आवाज बदलतो, आणि न जुळलेल्या तंबोऱ्यासारखें कानाला खटकत राहतें. याहून महत्त्वाची एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. टी.व्ही.खालच्या जागेंत मावावा म्हणून मधला स्पीकर बहुधा आडवा करतात: मध्यें उंच स्वरांचा लहान ट्वीटर आणि दोन्ही बाजूंना एकेक वूफर. समोर बसलेल्याला तो उत्तम ऐकूं येतो; परंतु बाजूला बसलेल्यापर्यंत दोन वूफरांचा आवाज किंचित् मागेंपुढें पोंचतो, आणि कांहीं पट्ट्यांत एकाची लाट दुसऱ्याची लाट मारून टाकते. या पट्ट्या नेमक्या बोलण्याच्या क्षेत्रांत पडतात. म्हणजे काका जेथें बसतात तेथें शब्द पोकळ होतो. ज्या पेटींत ट्वीटरच्या थेट खालीं किंवा वर मध्यम स्वरांचा स्वतंत्र स्पीकर असतो, आणि बाजूचे वूफर केवळ खालच्या स्वरांसाठीं राखलेले असतात, तींत हा दोष बराच कमी होतो. ती पेटी थोडी उंच व महाग असते. पैसे असतील तर ते येथें घालावेत. नसतील, आणि टी.व्ही. भिंतीवर पुरेसा उंच लावलेला असेल, तर डाव्या-उजव्यासारखाच तिसरा उभा बुकशेल्फ स्पीकर मध्यें ठेवावा. आमच्या मतें ही तोड सर्वांत सरस. मात्र जोडींतला एकच स्पीकर सुटा विकण्यास दुकानदार कांकूं करतात, त्यांच्याशीं थोडी घासाघीस करावी लागते. कोणताहि घेतला तरी तो कपाटाच्या पोटांत खोल ढकलूं नये. तोंड फळीच्या कडेबरोबर यावें, आणि स्पीकर कानांच्या पातळीच्या खालीं असेल तर पुढून जरा उचलून वर वळवावा.

दुकानांत जातांना आजींना बरोबर न्यावें. हें आम्ही थट्टेनें म्हणत नाहीं. तेथें नेहमीं स्फोटांनीं भरलेला एखादा चित्रपट लावतात, आणि स्फोटांत सगळेच स्पीकर शूर वाटतात. आपण आधीं बातम्यांचें साधें निवेदन लावावयास सांगावें, मग माहितीचा एखादा मराठी चित्रपट, त्यांतहि पावसांतलें किंवा गर्दींतलें बोलणें. आणि मधली मानाची खुर्ची सोडून कडेच्या खुर्चीवर डोळे मिटून बसावें. दोन स्पीकर ताडून पाहतांना दोघांचा आवाज एकाच पातळीवर आहे ना हें पाहून घ्यावें, कारण किंचित् मोठा आवाज नेहमीं अधिक चांगला भासतो आणि ही युक्ति विक्रेत्यांना आपल्या आधींपासून ठाऊक आहे. फोनवरील डेसिबल मोजणारें साधें ॲप एवढ्या तुलनेपुरतें पुरतें.

रिसीव्हर म्हणजे या सगळ्यांचा कारभारी. टी.व्ही. आणि सेट-टॉप बॉक्स यांच्याकडून आवाज घ्यावयाचा, त्याचे मार्ग निराळे करावयाचे, प्रत्येकाला बळ द्यावयाचें व ज्या त्या स्पीकरकडे रवाना करावयाचें, एवढें त्याचें काम. डेनॉन, यामाहा, ओन्क्यो, मरांट्झ, सोनी अशा परिचित नांवांपैकीं कोणाचाहि साधा रिसीव्हर तें नीट करतो. त्यांच्या आवाजांतील भेदावर लोक जेवढा वाद घालतात तेवढा त्या भेदांत अर्थ आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

खरी फसगत होते ती वॅटच्या आंकड्यांत. १९९० च्या दशकांत कॅसेटच्या यंत्रांवर 'पी.एम्.पी.ओ.' या नांवाखालीं शेंकडों वॅट छापलेले असत, आणि तेंच यंत्र टॉर्चच्या सेलांवरहि चालत असे! तो प्रकार आतां ओसरला, पण त्याचा धाकटा भाऊ हयात आहे. एकच चॅनल चालवून, ६ ओहमवर, १००० हर्ट्झ या एकाच स्वरावर, १० टक्के विकृति पत्करून मोजलेला आंकडा खोक्यावर ठळक असतो. दोन चॅनल चालवून, ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत, ०.१ टक्क्याहूनहि कमी विकृतीनें मोजलेला आंकडा पुस्तिकेंत बारीक अक्षरांत असतो. तुलना करावयाची ती या दुसऱ्याची. घरगुती ॲम्प्लिफायरांच्या अशा जाहिरातींना अमेरिकेंत १९७४ सालींच नियम घालावे लागले होते, यावरून हा रोग किती जुना आहे हें दिसेल.

आणि मुळांत वॅट लागतात किती? स्पीकरच्या माहितींत संवेदनशीलतेचा एक आंकडा असतो, समजा ८६ डेसिबल. म्हणजे १ वॅट दिला असतां १ मीटरवर तो एवढा आवाज करतो. ३ मीटरवर बसून आपण ७५ डेसिबलनें, म्हणजे घरच्या मानानें चांगल्या मोठ्यानें, चित्रपट पाहत असलों तरी सरासरी एक वॅटहि खर्च होत नाहीं. मेघगर्जना सरासरीच्या २० डेसिबल वर गेली तर क्षणभर त्याच्या शंभरपट, म्हणजे सत्तरेक वॅट लागतील. तोच स्पीकर ८९ डेसिबलचा घेतला तर हें सर्व निम्म्यांत भागतें, कारण ३ डेसिबलची वाढ म्हणजे दुप्पट शक्ति. तेव्हां दुप्पट वॅटच्या रिसीव्हरला जादा पैसे मोजण्यापेक्षां स्पीकरच्या माहितीपत्रकांतील ही ओळ नीट वाचावी. ४ ओहमचे स्पीकर मात्र पहिल्या खरेदींत टाळावेत. साधे रिसीव्हर त्यांना पुरें पडतांना तापतात.

रिसीव्हरमध्यें 'ई-आर्क' ही सोय जरूर पाहावी. २०१७ सालच्या एच्.डी.एम्.आय्. २.१ बरोबर ती आली. तिच्या योगानें टी.व्ही.चा आवाज एकाच तारेनें रिसीव्हरकडे परत येतो, आणि बहुधा टी.व्ही.चाच रिमोट पुरतो. घरांत तीन रिमोट झाले कीं दुपारीं एकट्या असलेल्या आजींना टी.व्ही. लावतां येत नाहीं, ही गोष्ट माहितीपत्रकांत कोठेंच लिहिलेली नसते. तसेंच सोबत लहान मायक्रोफोन मिळतो. तो बसण्याच्या जागीं ठेवला कीं यंत्र स्वतःच सर्व स्पीकरांचीं अंतरें व पातळ्या मोजून जुळवून घेतें. तें झाल्यावर मधल्या स्पीकरची पातळी हातानें २-३ डेसिबल वाढवावी. शुद्धतावाद्यांना हें आवडणार नाहीं. खुशाल वाढवावी.

डावा व उजवा स्पीकर किती दूर ठेवावेत, याचें उत्तर बसण्याच्या अंतरावर आहे. पडद्यापासून १० फुटांवर बसत असाल तर दोघांमध्यें ८ ते ११ फूट अंतर ठीक. बाजूचे दोन कानांच्या रेषेच्या थोडे मागें व हातभर उंच असावेत.

परंतु आवाजाचा पुष्कळसा भाग खोलीच घडविते. हल्लींच्या सदनिकांत खालीं गुळगुळीत टाईल, चारी बाजूंना सिमेंटचा गिलावा आणि एका अंगाला कांच. खोलीच्या मध्यभागीं उभें राहून एक टाळी वाजवावी. तिच्या मागून किणकिणाट उठला तर प्रत्येक व्यंजनाचें तेंच होणार असें समजावें. जाड सतरंजी किंवा गालिचा, चुण्यांचे दाट पडदे, पुस्तकांचें उघडें कपाट, यांनीं जो फरक पडतो तो पुष्कळदां महागड्या नव्या स्पीकरनेंहि पडत नाहीं. जुन्या वाड्यांतल्या लांकडी तक्तपोशीच्या व ग्रंथांनीं भरलेल्या खोल्या या दृष्टीनें भाग्यवान् म्हणाव्या.

खर्ज मात्र सतरंजीला जुमानत नाहीं. १५ फूट लांबीच्या खोलींत सुमारें ३७ हर्ट्झची लाट समोरासमोरच्या भिंतींमध्यें नेमकी बसते; भिंतींजवळ तिचा जोर फार, आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहींसा. म्हणून एकाच खोलींत एकजण सबवूफर घुमतो म्हणतो, दुसरा तो बंद आहे म्हणतो, आणि दोघेहि खरें बोलत असतात. यावरचा उपाय दिसण्यांत विनोदी पण हमखास उपयोगी आहे. सबवूफर उचलून आपल्या बसण्याच्या जागीं ठेवावा, खर्जाचें एखादें संगीत लावावें, आणि आपण भिंतीच्या कडेकडेनें रांगत जाऊन जेथें तें सर्वांत एकसारखें व स्पष्ट ऐकूं येईल तेथें खडूनें खूण करावी. सबवूफर मग तेथें ठेवावा. मुलें हें काम फार आनंदानें करतात.

हा खर्ज स्लॅबमधून खालच्या बिऱ्हाडांतहि उतरतो. ध्वनिप्रदूषणाविषयींच्या २००० सालच्या नियमांत वस्तीच्या भागासाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण दहावीची परीक्षा जवळ आलेल्या शेजारच्या मुलासाठीं नियमाचें पुस्तक उघडावें लागूं नये. रात्रीं सबवूफर बंद ठेवून 'नाइट मोड' लावला म्हणजे मोठ्या व हळू आवाजांतील तफावत कमी होते, आणि कुजबुज ऐकूं येण्यासाठीं गडगडाट सोसावा लागत नाहीं. आजोबांसाठीं तो दिवसाहि लावावयास हरकत नाहीं.

डोक्यावरून आवाज आणणारें 'डॉल्बी ॲटमॉस' २०१२ सालीं चित्रगृहांत व २०१४ सालीं घरांत आलें. त्याचा मोह पहिल्या खरेदींत आवरावा. छताकडे तोंड करून आवाज परतविणाऱ्या स्पीकरांना सपाट व कठीण छत लागतें. उतरत्या कौलारू छपराखालीं किंवा तुळयांच्या माळ्याखालीं ते कुचकामाचे. शिवाय पांच स्पीकरांचे पैसे सातांत वांटले कीं प्रत्येकाच्या वांट्याला हलका माल येतो. तेवढ्याच आमटींत जास्त पाणी घालून पंगत वाढविण्यासारखें तें होतें.

पैशाची वांटणी आम्ही अशी करूं: निम्मे पुढच्या तीन स्पीकरांना, चतुर्थांश रिसीव्हरला, उरलेल्यांत सबवूफर, आणि बाजूचे दोन पुढच्या वर्षीं. बाजूचे नसले तरी बोलणें जरासुद्धां कमी होत नाहीं, आणि ५.१ चा रिसीव्हर त्यांच्यावांचूनहि बिनतक्रार चालतो. सर्व कांहीं एकाच खोक्यांत मिळणारे स्वस्त संच मात्र घेऊं नयेत. त्यांतील स्पीकरांच्या जोडण्या पुष्कळदां त्यांच्या त्यांच्यापुरत्याच असतात, म्हणून एक भाग गेला कीं सगळा संच जातो. खोली १० बाय १२ ची आणि पाहणारीं चार माणसें असतील तर एवढा पसारा हवाच कशाला? मधला स्वतंत्र चॅनल असलेला ३.१ चा चांगला साउंडबार पुरेसा होतो. तारांवर फार खर्च करूं नये. १६ गेजची शुद्ध तांब्याची साधी तार घरच्या अंतरांना पुरते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तेवढी नको.

परदेशीं असलेल्या भाच्या-पुतण्यांकडून सामान मागविणाऱ्यांनीं एक ध्यानांत ठेवावें. अमेरिकेंतील रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो. आपल्याकडील २३० व्होल्टवर तो थेट लावला तर पहिल्याच दिवशीं जळेल. मध्यें वजनदार ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो, आणि बिघाड झाल्यास येथील दुरुस्तीकेंद्रें हमी मानीत नाहींत. साध्या स्पीकरांना व्होल्टेजची ही अडचण नाहीं, कारण ते भिंतींतील विजेला जोडावयाचेच नसतात. पण सबवूफरच्या पोटांत ॲम्प्लिफायर असतो, त्याला ती आहे. म्हणून भाच्याकडून मागवावयाचे तर पुढचे तीन स्पीकर मागवावेत, आणि रिसीव्हर व सबवूफर येथेंच घ्यावेत.

घरीं आल्यावर रिसीव्हर कांचेच्या बंद कपाटांत ठेवूं नये. वर निदान वीतभर मोकळी जागा असावी, आणि त्यावर क्रोशाचा रुमाल घालण्याची हौसहि आवरावी, कारण उष्णता बाहेर पडण्याचीं भोकें तेथेंच असतात. कोंकणांतील व गोमंतकांतील वाचकांनीं स्पीकर घेतांना पडद्याभोंवतीची कड रबराची आहे कीं फोमची हें विचारून घ्यावें. दमट हवेंत फोम कांहीं वर्षांत भुगा होऊन गळतो, रबर टिकतें. पावसाळ्यांत यंत्र आठवड्यांतून दोनतीनदां तरी तासभर चालू ठेवावें, आणि स्पीकर ओलीच्या भिंतीपासून चार बोटें दूर सरकवावेत.